गाडीतील स्पीकर, अॅम्प्लिफायर आणि वायरिंग घरच्या घरी बदलताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

खालील प्रश्न वाचकांकडून पुन्हा पुन्हा येत असतात. उत्तरे लिहिताना १२ व्होल्टची बॅटरी असलेल्या पेट्रोल, डिझेल आणि सीएनजी हॅचबॅक व सेडान गाड्या डोळ्यांसमोर ठेवल्या आहेत; विद्युत गाडी असलेल्यांनी प्रश्न १९ आधी वाचावा. इतर कोणासही सगळे वाचण्यास वेळ नसेल, तर प्रश्न ८ तेवढा वाचल्याशिवाय कामाला हात घालू नये, ही विनंती आहे.

१. सगळा खर्च एकदम झेपणार नाही. आधी काय बदलावे: स्टीरिओ, स्पीकर की अॅम्प्लिफायर?

आधी पुढच्या दोन दारांतील स्पीकर बदलावेत आणि दाराचे पॅड उघडलेलेच असते म्हणून त्याच वेळी त्या दारांचे डॅम्पिंगही, म्हणजे पत्र्याची थरथर रोखणारे शीट चिकटवण्याचे काम, करून घ्यावे (प्रश्न ६). त्यानंतर चार चॅनेलचा अॅम्प्लिफायर, मग हवा असल्यास सब-वूफर (केवळ खालच्या स्वरांचा स्पीकर), आणि सर्वांत शेवटी स्टीरिओ. मागचे स्पीकर कंपनीचेच राहिले तरी चालतात, कारण ऐकणारी माणसे बहुतेक वेळा पुढे बसलेली असतात. प्रत्यक्षात अनेकजण नेमके उलट करतात. डिकीत मोठा वूफर बसवतात आणि दारांतले मूळ स्पीकर तसेच ठेवतात. मग गाडीत नुसता दणका येतो आणि गाणाऱ्याचा आवाज मागे कुठेतरी हरवतो.

२. माझ्या स्टीरिओवर ‘४ × ५० वॅट’ असे छापले आहे. मग वेगळा अॅम्प्लिफायर कशासाठी?

हा आकडा कुठून येतो ते एकदा गणित करून पाहावे. इंजिन चालू असताना स्टीरिओला साधारण १४.४ व्होल्ट मिळतात. १४.४ चा वर्ग करून त्याला स्पीकरच्या ४ ओहमने भागले, की सुमारे ५२ वॅट येतात. ही शक्ती मिळते ती आवाज पूर्ण फाटून त्याचा तरंग चौकोनी झाल्यावर. स्वच्छ आवाजासाठी हाच हिशेब निम्म्यावर, म्हणजे २६ वॅटवर येतो, आणि आतल्या चिपमधील घट वजा जाता हातात प्रत्येक चॅनेलला १८ ते २२ वॅट उरतात. शहरात मध्यम आवाजात ऐकण्यास ते पुरेसे आहेत. महामार्गावर टायर आणि वाऱ्याचा आवाज वाढला की आपण बटण वर नेतो आणि तिथे हे २० वॅट संपतात.

एक महत्त्वाची खबरदारी अशी, की अशा स्टीरिओमधून स्पीकरकडे जाणाऱ्या दोन्ही तारांवर विद्युतदाब असतो; त्यांतील एकही ‘अर्थ’, म्हणजे गाडीच्या बॉडीशी जोडलेली तार, नसते. जुन्या गाड्यांत स्पीकरची उणे तार बॉडीला जोडण्याची पद्धत होती. आजच्या स्टीरिओला तशी जोडणी केल्यास त्याची चिप जळू शकते.

३. एका स्पीकरवर ३०० वॅट आहेत, दुसऱ्यावर ६० वॅट, आणि दुसराच महाग आहे. असे का?

बहुधा पहिला आकडा क्षणिक कमाल शक्तीचा आहे आणि दुसरा आरएमएस, म्हणजे सतत पेलता येणाऱ्या शक्तीचा. खरेदी करताना केवळ आरएमएस पाहावा. त्याच्या शेजारीच संवेदनशीलता, म्हणजे ठरावीक शक्तीत स्पीकर किती मोठा वाजतो ते, डेसिबलमध्ये लिहिलेली असते, आणि स्टीरिओवरच स्पीकर चालवायचे असतील तर तिला अधिक महत्त्व द्यावे. एकाच पद्धतीने मोजलेल्या ८९ आणि ९२ डेसिबलच्या दोन स्पीकरांतला फरक भरून काढण्यासाठी पहिल्याला दुप्पट शक्ती द्यावी लागते. जेमतेम २० वॅट हाती असताना हा फरक लहान नाही.

४. कोणत्या आकाराचे स्पीकर घ्यावेत, आणि कोअॅक्सिअल की कंपोनंट?

आपल्याकडील बहुतेक हॅचबॅक आणि सेडानच्या पुढच्या दारांत साडेसहा इंची स्पीकर बसतात. काही सेडानमध्ये मागच्या काचेखालच्या फळीवर ६ × ९ इंची लंबगोल स्पीकरची जागा असते. व्यास जुळला म्हणजे काम झाले असे मात्र नाही. स्पीकरची खोलीही मोजावी लागते, कारण दारात त्याच्या पाठीमागूनच काच खाली उतरते. काच पूर्ण खाली करून, दाराच्या पत्र्यापासून काचेपर्यंतचे अंतर पट्टीने मोजावे आणि स्पीकरच्या माहितीपत्रकातील बसवण्याची खोली त्याहून किमान ५ मिलिमीटरने कमी असल्याची खात्री करावी. अंतर अपुरे असल्यास मध्ये रिंग घालता येते.

कोअॅक्सिअलमध्ये ट्वीटर (उंच स्वरांचा छोटा स्पीकर) मुख्य स्पीकरच्या मध्यावरच असतो, त्यामुळे जुनी जागा आणि जुनी वायर वापरून तासाभरात काम होते. कंपोनंट संचात ट्वीटर वेगळा असतो आणि तो आरशाजवळच्या त्रिकोणात किंवा डॅशबोर्डवर, कानाच्या जवळपासच्या उंचीवर बसवता येतो. दारातला स्पीकर गुडघ्यापाशी असल्याने उंच स्वर पायातच अडतात, म्हणून गाणे समोरून आल्यासारखे वाटावे अशी इच्छा असणाऱ्यांनी कंपोनंटच घ्यावेत. गाडीत ट्वीटरची जागा मुळातच दिलेली असेल तर हा निर्णय आणखी सोपा होतो.

५. दाराचे पॅड काढताना क्लिपा तुटतात. ते न तोडता कसे काढावे?

बॅटरीची उणे तार आधी काढावी आणि किमान ५ ते १० मिनिटे थांबावे, कारण एअरबॅगच्या यंत्रणेत काही काळ वीज साठून राहते. मग हँडलच्या वाटीत, हात टेकवण्याच्या जागेत आणि आरशाच्या त्रिकोणामागे झाकणाखाली लपवलेले स्क्रू शोधावेत. पॅड ओढूनही हलत नसेल, तर एखादा स्क्रू राहिलेला आहे असेच समजावे. जोर लावू नये. सगळे स्क्रू निघाल्यावर खालच्या कोपऱ्यातून प्लॅस्टिकची पट्टी घालून, एकेका क्लिपेच्या अगदी शेजारी आधार देत पॅड सैल करावे आणि शेवटी वर उचलावे. लोखंडी पेचकसाने रंग आणि पॅड दोन्ही खराब होतात. आठ-दहा जादा क्लिपा आधीच आणून ठेवाव्यात, त्या स्वस्त असतात. हिवाळ्यातील सकाळी प्लॅस्टिक ठिसूळ झालेले असते, तेव्हा गाडी उन्हात थोडी तापू द्यावी.

पिवळ्या रंगाचा कपलर दिसला की तो एअरबॅगचा आहे असे मानून त्याला हात लावू नये. मल्टिमीटरही त्याला कधी लावू नये. काही गाड्यांत पुढच्या खांबाच्या आवरणाखाली पडद्यासारखी एअरबॅग असते. तेथून ट्वीटरची वायर नेताना ती एअरबॅगच्या पुढून जाणार नाही, मागूनच जाईल, याची काळजी घ्यावी.

६. दाराचे डॅम्पिंग खरोखर उपयोगी आहे का? आणि पावसात दारात पाणी साचणार नाही ना?

माझ्या अनुभवात याच्याइतका फरक कमी पैशांत दुसरी कोणतीच गोष्ट करत नाही. स्पीकरचा शंकू पुढे जातो तेव्हा त्याच्या मागची हवा विरळ होते. दाराच्या आतल्या पत्र्याला मोठी भोके उघडी असतील तर पुढची हवा मागे वळते आणि खालचे स्वर एकमेकांना खाऊन टाकतात. शिवाय पातळ पत्रा स्वतःच थरथरतो. डग्ग्याचा घुमारा ऐकून पाहावा: मोकळ्या दारात तो ‘फट्’ असा येतो, बंद केलेल्या दारात त्याची मींड शेवटपर्यंत ऐकू येते.

सुमारे २ मिलिमीटर जाडीचे, वरून अॅल्युमिनियमचा पातळ थर असलेले ब्यूटाइल शीट घ्यावे. डांबराचे स्वस्त शीट विदर्भातील मे महिन्यात उन्हात उभ्या गाडीत पाघळते आणि त्याचा वास महिनोन्‌महिने जात नाही. बाहेरच्या पत्र्याच्या आतील बाजूस, स्पीकरच्या बरोबर मागे, एक मोठा तुकडा लावून रुळाने दाबावा. सगळा पत्रा झाकण्याची गरज नसते. आतल्या पत्र्याची भोके बंद करताना काच आणि कुलपाच्या दांड्या मोकळ्या हलतात का ते पाहावे.

पाण्याविषयी दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. दाराच्या अगदी तळाशी पाणी जाण्यासाठी लहान छिद्रे असतात, ती कोणत्याही परिस्थितीत बुजवू नयेत. दाराच्या आत पाणी येणे हे नैसर्गिक आहे आणि ते तेथूनच बाहेर जाते. दुसरे, कंपनीने लावलेला प्लॅस्टिकचा पडदा फाडून टाकू नये. काढलाच तर त्याच्या जागी शीटने सलग आवरण करावे, नाहीतर पाणी पॅडमध्ये आणि तेथून पायाखालच्या गालिच्यात उतरते.

रिंग एमडीएफची घेऊ नये, हे मी स्वतःच्या नुकसानीवरून सांगत आहे. मी सुतारकामाच्या दुकानातून सुबक एमडीएफच्या रिंगा कापून आणल्या आणि वर रंगाचा एकच हात दिला. कोकणातील एका पावसाळ्यानंतर पॅड उघडले तेव्हा रिंग फुगून बिस्किटासारखी सुटी झाली होती आणि स्पीकरचे चारांपैकी दोन स्क्रू बोटाने निघाले. तेव्हापासून मी प्लॅस्टिकच्या किंवा चारही बाजूंनी रंगवलेल्या मरिन प्लायच्याच रिंगा वापरतो.

७. अॅम्प्लिफायरसाठी किती जाडीची वायर लागते?

हे अॅम्प्लिफायरच्या खऱ्या शक्तीवरून ठरते. चार चॅनेल, प्रत्येकी ५० वॅट आरएमएस, म्हणजे एकूण २०० वॅट असे धरू. एबी आणि डी हे अॅम्प्लिफायरच्या रचनेचे दोन प्रकार आहेत. एबी वर्गाचा अॅम्प्लिफायर घेतलेल्या विजेपैकी साधारण ५५ टक्के स्पीकरला देतो, त्यामुळे त्याला पूर्ण आवाजात सुमारे ३६४ वॅट, म्हणजे १३.८ व्होल्टला २६ अँपिअर लागतात. डी वर्गाची कार्यक्षमता ८० टक्के धरली तर तोच आवाज १८ अँपिअरमध्ये मिळतो. बॅटरीपासून डिकीपर्यंत ५ मीटर वायर धरली, तर १० चौरस मिलिमीटर तांब्यात २६ अँपिअरला जवळपास ०.२२ व्होल्ट पडतात, जे चालण्यासारखे आहे. तीच वायर ४ चौरस मिलिमीटरची असेल तर अर्ध्या व्होल्टहून अधिक घट होते. म्हणून वरील जोडणीला १० चौरस मिलिमीटर योग्य आहे. सब-वूफरसाठी आणखी एक अॅम्प्लिफायर येणार असेल तर आताच २५ चौरस मिलिमीटर टाकून ठेवावी, म्हणजे पुन्हा गालिचा उचलावा लागणार नाही.

बाजारातील तयार किटमध्ये बहुतेक वेळा तांब्याचा मुलामा दिलेल्या अॅल्युमिनियमची वायर असते, आणि वरचे जाड रबरी आवरण पाहून ती भरभक्कम वाटते. एक तंतू ब्लेडने खरवडावा. आत चांदीसारखा रंग दिसला तर ते अॅल्युमिनियम आहे. त्याची वहनक्षमता तांब्याच्या साधारण ६० ते ६५ टक्केच असते आणि दमट हवेत जोडाच्या जागी ते लवकर खराब होते. पुण्याच्या तपकीर गल्लीत किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर शुद्ध तांब्याची मऊ, बारीक तंतूंची वायर मीटरवर मिळते, ती घ्यावी. स्पीकरसाठी १.५ चौरस मिलिमीटर पुरे. ५० वॅटपर्यंत दारातली मूळ वायरही चालते.

८. फ्यूज तर अॅम्प्लिफायरवरच असतो. मग बॅटरीजवळ आणखी एक कशाला?

कारण बॅटरीजवळचा फ्यूज हा अॅम्प्लिफायरच्या नव्हे, तर वायरच्या रक्षणासाठी असतो. बॅटरी ते डिकी या ५ मीटरच्या वाटेत ती लाल वायर कुठेही सोलली जाऊन बॉडीला टेकली, तर बॅटरी तिच्यातून शेकडो अँपिअर सोडते. अॅम्प्लिफायरवरील फ्यूज त्या जागेच्या पुढे असल्याने त्याला याची जाणीवही होत नाही. वायर लालबुंद होते, तिचे आवरण पेटते आणि तिच्यावर गालिचा असतो.

माझ्या पहिल्या गाडीत मी हे काम एका दुकानात करून घेतले होते. सुमारे दोन वर्षांनी बॅटरी बदलताना पाहिले, तर लाल वायर थेट बॅटरीच्या टोकाला थिंबलने (वायरच्या टोकाला बसवायच्या धातूच्या कड्याने) कसलेली होती आणि वाटेत फ्यूज नव्हताच. ती जिथून पत्रा ओलांडत होती तिथे रबर नव्हते. भोकाच्या धारेने आवरण कापत आणले होते आणि आत तांब्याचा एक तंतू स्पष्ट चमकत होता. त्या गाडीत माझी लहान मुलगी रोज शाळेत जात असे. त्यामुळे या एका मुद्द्यावर मी कोणतीही सवलत मान्य करत नाही.

फ्यूज बॅटरीच्या धन टोकापासून वायरच्या मापाने ४५ सेंटिमीटरच्या आत असावा, जितका जवळ तितका चांगला. त्याचा आकडा वायर सुरक्षितपणे पेलू शकेल त्याहून अधिक नसावा. तांब्याच्या १० चौरस मिलिमीटर वायरला ५० अँपिअरच्या वर जाऊ नये. फ्यूज वारंवार उडत असेल तर मोठा घालणे हा उपाय नव्हे. एका वायरवरून दोन अॅम्प्लिफायर घेतले आणि पुढच्या फांद्या बारीक वायरच्या असतील, तर फांदी फुटते तिथे प्रत्येकीला स्वतंत्र फ्यूज हवा. फ्यूजची कांडी सगळी जोडणी तपासून झाल्यावर, सर्वांत शेवटी बसवावी.

९. बॉनेटमधून आत वायर कशी आणावी? आणि उंदरांचे काय करावे?

इंजिन आणि डॅशबोर्ड यांच्यामधील पत्र्यात कंपनीच्या तारांसाठी रबरी बूच असलेले भोक असते. त्या रबरातच बारीक छिद्र करून वायर आत घ्यावी. पत्र्याला नवे भोक पाडावेच लागले तर आधी पलीकडे काय आहे ते पाहावे, कडा कानशीने घासाव्यात, गंज लागू नये म्हणून रंग द्यावा आणि रबर बसवावे. बॉनेटखालची संपूर्ण वायर काळ्या वळीदार नळीतून न्यावी आणि गरम किंवा हलणाऱ्या भागांपासून दूर बांधावी. स्टिअरिंगचा दांडा आणि पेडल यांच्या वाटेत वायर येत नाही ना, हे पेडल पूर्ण दाबून तपासावे.

उंदीर नळीही कुरतडतात, हे खरे आहे. ज्या इमारतींत हा त्रास आहे तेथे नळीवर बारीक तारेची जाळी गुंडाळणे उपयोगी पडते. आणि कुरतडलेली वायर शेवटी बॉडीला टेकते, म्हणून पुन्हा प्रश्न ८ पाहावा.

१०. अर्थची वायर कुठे जोडावी? सीटबेल्टचा बोल्ट चालेल का?

सीटबेल्टचा किंवा सीटचा बोल्ट वापरू नये. तो विशिष्ट ताकदीने कसलेला असतो आणि अपघातात त्याच्यावर जीव अवलंबून असतो. अॅम्प्लिफायरपासून साधारण ४५ सेंटिमीटरच्या आत बॉडीचा जाड पत्रा निवडावा, रुपयाच्या नाण्याएवढ्या जागेवरील रंग पॉलिश पेपरने पूर्ण खरवडून धातू उघडा करावा, दातेरी वॉशर घालून थिंबल कसावे आणि मग वरून रंग किंवा ग्रीस लावावे. आत बोल्ट जाणार असेल तर खाली पेट्रोलची टाकी किंवा ब्रेकची नळी नाही, याची गाडीखाली वाकून खात्री करावी. अर्थची वायर धन वायरइतक्याच जाडीची असावी.

११. इंजिनचा वेग वाढला की स्पीकरमधून ‘ऊंऽऽ’ असा आवाज येतो. तो कसा घालवावा?

ही अल्टरनेटरची कुई आहे, आणि तिचे कारण बहुतेक वेळा अर्थमध्येच सापडते. अॅम्प्लिफायरची आरसीए वायर, म्हणजे स्टीरिओकडून सिग्नल आणणारी वायर, उपटून पाहावी. आवाज थांबला तर दोष स्टीरिओकडून येणाऱ्या वाटेत आहे; थांबला नाही तर अॅम्प्लिफायरच्या वीजपुरवठ्यात किंवा अर्थमध्ये. पहिल्या स्थितीत स्टीरिओचा अर्थ बॉडीवर नीट आहे का ते पाहावे आणि आरसीए वायर वीजवायरीच्या शेजारून तर गेलेली नाही ना ते तपासावे. या दोन वायरी गाडीच्या दोन वेगवेगळ्या बाजूंनी नेणे हाच मूळ उपाय आहे. एकमेकींना ओलांडाव्याच लागल्या तर काटकोनात ओलांडाव्यात. दुसऱ्या स्थितीत प्रश्न १० मधील काम पुन्हा करावे. बाजारात मिळणारे गाळणीचे डबे मी शेवटचा उपाय मानतो, कारण त्यांतील काही खालचे स्वरही खातात.

१२. गाडीत कंपनीचाच टचस्क्रीन आहे, त्याला आरसीए नाही. वॉरंटी न गमावता अॅम्प्लिफायर लावता येईल का?

येतो. स्पीकरच्या वायरीवरूनच सिग्नल घेणारे अॅम्प्लिफायर मिळतात. घेताना ही सोय आहे का ते विचारावे. मूळ वायर कापण्याऐवजी आपल्या गाडीच्या मॉडेलसाठी तयार मिळणारा कपलर मध्ये लावावा, म्हणजे सर्व्हिसच्या वेळी सगळे काढून पूर्ववत करता येते. वायर कापलेली आढळल्यास कंपनी त्या भागाची वॉरंटी नाकारू शकते, म्हणून हा थोडा जादा खर्च करावाच.

यात एक अडचण असते. कंपनीचे काही टचस्क्रीन लहान स्पीकर वाचवण्यासाठी आवाज वाढवू तसे खालचे स्वर आपोआप कमी करतात. उत्तम अॅम्प्लिफायर लावूनही वरच्या आवाजात घुमारा नाहीसा होत असेल तर हेच कारण असते आणि ते डीएसपी (सिग्नलमधील स्वरांचे प्रमाण बदलू शकणारी चिप) असलेल्या अॅम्प्लिफायरने बऱ्याच अंशी दुरुस्त होते. गाडीत मुळातच कंपनीचा वेगळा अॅम्प्लिफायर असेल, तर सिग्नल त्याच्या आधी घ्यायचा की नंतर, हे त्या मॉडेलच्या वायरिंग आकृतीवरूनच ठरवावे; अंदाजाने तारा जोडू नयेत.

१३. रिमोटची निळी वायर कुठे जोडायची?

बाजारातील स्टीरिओला निळ्यावर पांढरा पट्टा असलेली वायर असते; स्टीरिओ सुरू झाला की तिच्यावर १२ व्होल्ट येतात आणि अॅम्प्लिफायर जागा होतो. कंपनीच्या स्टीरिओला ती नसल्यास चावी फिरवल्यावर चालू होणाऱ्या एखाद्या फ्यूजवरून, फ्यूज टॅप वापरून, ती घ्यावी. सतत चालू असलेल्या पिवळ्या वायरला ती कधीही जोडू नये. त्याचा परिणाम प्रश्न १७ मध्ये दिला आहे.

१४. गेनचे बटण किती फिरवावे? पूर्ण फिरवले तर आवाज जास्त येतो.

गेन म्हणजे आवाजाचे बटण नव्हे. स्टीरिओच्या सिग्नलची पातळी अॅम्प्लिफायरशी जुळवून देणे एवढेच त्याचे काम आहे. ते पूर्ण फिरवले की आवाजाचे शेंडे छाटले जातात आणि ट्वीटर सर्वांत आधी जळतात.

स्पीकरच्या वायरी अॅम्प्लिफायरपासून सोडवाव्यात. स्टीरिओवरील बास, ट्रेबल आणि सर्व परिणाम शून्यावर आणावेत, अॅम्प्लिफायरचे फिल्टर बंद करावेत आणि गेन सर्वांत खाली ठेवावा. चाचणीसाठी पूर्ण पातळीचा एकसुरी स्वर वाजवावा. अनेक स्वस्त मल्टिमीटर ४०० हर्ट्झपर्यंतचाच एसी दाब बरोबर दाखवतात, म्हणून १००० ऐवजी २०० ते ४०० हर्ट्झचा स्वर घ्यावा. सब-वूफरसाठी ५० हर्ट्झचा. स्टीरिओचा आवाज तीन चतुर्थांशावर, म्हणजे ४० पैकी ३० वर, ठेवून गेन हळूहळू वाढवावा आणि ठरलेला दाब आला की थांबावे. हा दाब म्हणजे शक्ती आणि ओहम यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ: ४ ओहमला ५० वॅट हवे असतील तर १४.१ व्होल्ट, ७५ वॅटला १७.३, १०० वॅटला २०. येथून पुढे स्टीरिओ ३० च्या वर नेऊ नये.

१५. हाय-पास आणि लो-पास कुठे ठेवावेत?

हाय-पास फिल्टर ठरलेल्या आकड्याच्या वरचेच स्वर पुढे जाऊ देतो, लो-पास खालचेच. दारातील साडेसहा इंची स्पीकरसाठी हाय-पास ८० हर्ट्झ, सब-वूफरसाठी लो-पास ८० हर्ट्झ, येथून सुरुवात करावी. तेवढ्याच मोठ्या आवाजासाठी स्वर एक सप्तक खाली गेला की शंकूला चौपट अंतर हलावे लागते, आणि लहान स्पीकर तेथेच फाटतात. सब-वूफर नसल्यास हाय-पास ६० पर्यंत उतरवून पाहावा.

१६. सब-वूफर ४ ओहमचा घ्यावा की २ ओहमचा? दुकानदार म्हणतो २ ओहममध्ये दणका जास्त.

अॅम्प्लिफायर २ ओहमला स्थिर असेल आणि सब-वूफर एकाच मोनो चॅनेलवर असेल, तर दुकानदाराचे म्हणणे बरोबर आहे. गोंधळ होतो तो चार चॅनेलच्या अॅम्प्लिफायरचे दोन चॅनेल जोडून, म्हणजे ब्रिज करून, सब-वूफर चालवताना. ब्रिजमध्ये प्रत्येक चॅनेलला अर्धाच रोध दिसतो. २ ओहमचा सब-वूफर लावला की प्रत्येक चॅनेल १ ओहमवर चालतो, तापतो आणि बंद पडतो. ब्रिजवर ४ ओहमच लावावा. दोन कॉइल असलेल्या ४ ओहमच्या सब-वूफरच्या कॉइल समांतर जोडल्या तर २ ओहम होतात, एकामागोमाग जोडल्या तर ८.

लहान गाडीत डिकी मोकळी ठेवायची असेल तर सीटखाली बसणारा, स्वतःचा अॅम्प्लिफायर असलेला चपटा सब-वूफर चांगला पर्याय आहे. सीटखाली पिवळा कपलर असू शकतो (प्रश्न ५), तेव्हा सीट पुढे-मागे पूर्ण सरकवून पाहावे.

१७. दोन दिवस गाडी उभी राहिली की बॅटरी उतरते. अॅम्प्लिफायरमुळेच का?

रिमोटची वायर सतत चालू असलेल्या जागी जोडली असेल, तर होय. काही न वाजवताही अॅम्प्लिफायर १ अँपिअर घेत राहिला, तर २४ तासांत २४ अँपिअर-तास जातात, आणि लहान पेट्रोल गाड्यांची बॅटरी बहुधा ३५ अँपिअर-तासांची असते. खात्रीसाठी गाडी बंद करून अर्धा तास थांबावे, मग मल्टिमीटर १० अँपिअरच्या जागी ठेवून बॅटरीच्या उणे टोकात मालिकेत जोडावा. काही मिनिटांनी आकडा ५० मिलिअँपिअरच्या आत स्थिरावला पाहिजे. मीटर असा जोडलेला असताना चावी फिरवू नये. आकडा मोठा असल्यास अॅम्प्लिफायरचा फ्यूज काढावा. आकडा खाली आला तर उत्तर मिळाले.

इंजिन बंद ठेवून तासन्‌तास गाणी ऐकणे हे वेगळे कारण आहे आणि त्यावर वायरिंगचा उपाय नाही.

१८. नवे स्पीकर लावल्यावर बास आधीपेक्षा कमी झाला. स्पीकर खराब आहेत का?

बहुतेक वेळा एका दारात धन-उणे उलट जोडलेले असते: एक शंकू पुढे जातो तेव्हा दुसरा मागे. दीड व्होल्टचा सेल क्षणभर वायरींना टेकवावा. सेलचे धन टोक धन वायरीला लागल्यावर शंकू बाहेर यायला हवा. ही परीक्षा स्टीरिओपासून वायर सोडवूनच करावी, आणि ट्वीटरवर करू नये.

दोन्ही दारांतील जोडणी बरोबर असूनही गाणे उजव्या दारातूनच येते असे वाटत असेल, तर तो दोष नाही. आपण उजवीकडे बसतो. उजवा स्पीकर कानापासून ९० सेंटिमीटरवर आणि डावा १४० वर असेल तर डावा आवाज जवळपास दीड मिलिसेकंद उशिरा पोहोचतो. टाइम अलाइनमेंटची सोय असलेल्या स्टीरिओत उजव्याला तेवढा विलंब द्यावा.

१९. माझी गाडी विद्युत आहे. हे सगळे तसेच लागू होते का?

दार, डॅम्पिंग, गेन आणि फिल्टर यांबाबत सगळे तसेच आहे. विजेबाबत नाही. नारिंगी आवरणाच्या केबल उच्च दाबाच्या असतात, काही शे व्होल्टच्या. त्यांना, त्यांच्या आवरणांना आणि त्यांच्या वाटेला हात लावू नये, आणि पत्र्याला कोठेही भोक पाडू नये, कारण खाली बॅटरीचा संच असतो. अॅम्प्लिफायरसाठी वीज १२ व्होल्टच्या साहाय्यक बॅटरीवरून घ्यावी लागते. अल्टरनेटर नसतो, ही बॅटरी मोठ्या संचातून एका परिवर्तकामार्फत चार्ज होते आणि गाडी बंद असताना ते काम बहुधा थांबलेले असते. साहाय्यक बॅटरी उतरली तर मुख्य संच भरलेला असूनही गाडी सुरू होत नाही. म्हणून डी वर्गाचा लहान अॅम्प्लिफायरच निवडावा आणि प्रश्न १७ मधील मोजणी काम झाल्यावर लगेच करावी.

२०. यात कायद्याची किंवा विम्याची काही अडचण येते का?

स्पीकर आणि अॅम्प्लिफायर बदलल्याने नोंदणी प्रमाणपत्रावरील तपशील बदलत नाहीत. अडचण आवाजाच्या पातळीची असते. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत ४५ डेसिबल आहे, आणि रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवतीच्या १०० मीटरच्या शांतता क्षेत्रात ती ५० आणि ४० वर येते. ध्वनीविषयक मानकांचा भंग करून गाडी चालवल्यास मोटार वाहन कायद्याच्या कलम १९० खाली, २०१९ च्या दुरुस्तीनंतर, पहिल्याच वेळी १०,००० रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. काचा बंद असूनही बाहेर दणका जात असेल तर तो रस्त्यावरच्या इतरांना सहन करावा लागतो, आणि मागून येणाऱ्या रुग्णवाहिकेचा भोंगा आपल्याला ऐकू येत नाही.

विम्यात कंपनीने गाडीसोबत न दिलेली विद्युत उपकरणे आपोआप धरली जात नाहीत. पावत्या जपून ठेवाव्यात, बसवलेल्या वस्तूंची किंमत विमा कंपनीला कळवावी आणि थोडा जादा हप्ता भरून त्या पॉलिसीत लिहून घ्याव्यात. कळवताना बॅटरीजवळच्या फ्यूजचे, थिंबलचे आणि अर्थच्या जोडाचे छायाचित्रही काढून पावत्यांसोबत ठेवावे. पुढे कोणी गाडीच्या वायरिंगवर बोट ठेवले तर दाखवायला ते हाताशी असते.